नऊ नंबर कुठे हरवला?

14 ऑक्टोबर 2025. मडगावच्या फातोर्डा स्टेडियमवर भारत फुटबॉलमध्ये सिंगापूरकडून 1-2 असा हरला आणि 2027 च्या फुटबॉल आशिया चषकाची वाट बंद झाली. आपला एकमेव गोल लालियानझुआला छांगटेचा, म्हणजे कडेने खेळणाऱ्या विंगरचा. पात्रता फेरीच्या पहिल्या पाच सामन्यांत मिळून आपण गोल केले दोन. त्याआधी, जानेवारी 2024 मध्ये कतारला झालेल्या आशिया चषकात तर तीन सामन्यांत एकही नाही. खापर नेहमीप्रमाणे प्रशिक्षकांवर फुटलं. स्टिमाच गेले, मानोलो मार्केस आले, तेही गेले, खालिद जमील आले. गोल करणारा माणूस, म्हणजे आघाडीचा स्ट्रायकर, फुटबॉलच्या भाषेत ‘नऊ नंबर’, मात्र कोणालाच सापडला नाही.

एके काळी तो आपल्याकडे होता. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये गोव्यातल्या आसगावचा आणि मुंबईत टाटा स्पोर्ट्सकडून खेळणारा नेव्हिल डिसूझा ऑस्ट्रेलियाविरुद्ध हॅटट्रिक करून गेला. सामना 4-2 असा जिंकून भारत उपांत्य फेरीत पोहोचला आणि स्पर्धेत चौथा आला. 1962 च्या जकार्ता आशियाई स्पर्धेत मात्र गंमतच झाली. सेंटर बॅक, म्हणजे मधला बचावपटू, असलेल्या जर्नेल सिंगच्या डोक्याला टाके पडले होते. प्रशिक्षक रहीमसाहेबांनी त्याला मागे न ठेवता थेट आघाडीला उभं केलं. त्याने उपांत्य सामन्यात गोल केला आणि दक्षिण कोरियाविरुद्धच्या अंतिम सामन्यातही. आपण 2-1 ने सुवर्ण जिंकलं. हा किस्सा आपण कौतुकाने सांगतो, आणि सांगावाच. पण बचावपटूकडून गोल मागण्याची सवय इतकी जुनी आहे, हेही त्यात दिसतं.

पुढे विजयन, भुतिया, छेत्री अशी एकेका माणसावर तोललेली दशकं गेली. दरम्यान क्लबांनी आपला सोपा मार्ग शोधला: गोल बाहेरून आणायचे. सगळा दोष आयएसएलच्या (इंडियन सुपर लीगच्या) माथी मारणारे हे विसरतात की ही रीत त्या लीगच्या कितीतरी आधीची आहे. कोलकात्यात ऐंशीच्या दशकातच नायजेरियाचा चिमा ओकोरी गाजत होता. नेव्हिलच्या गोव्यातही चर्चिल ब्रदर्सचे गोल ओडाफा करायचा आणि धेंपोचे रँटी मार्टिन्स. 2011-12 च्या आय-लीगमध्ये, म्हणजे तेव्हाच्या देशातल्या अव्वल लीगमध्ये, रँटीने एकट्याने 32 गोल केले आणि धेंपो विजेता ठरला. क्लबाच्या बाजूने पाहिलं तर चूक काय? ट्रॉफी यंदा हवी असते, आणि विशीतला भारतीय स्ट्रायकर घडायला चार-पाच हंगाम लागतात.

2014 ला आयएसएल आली आणि या सवयीचं धोरण झालं. सुरुवातीला मैदानावर सहा परदेशी चालत, मग पाच, 2021-22 पासून चार. आकडा घटला, जागा बदलल्या नाहीत. चारच परदेशी घ्यायचे तर प्रशिक्षक त्यांना मधल्या कण्यात बसवणार: स्टॉपर (मधला बचावपटू), मिडफिल्ड आणि हमखास नऊ नंबर. भारतीय मुलगा चांगला पळतो ना, मग त्याला विंगला नाहीतर फुल-बॅकला (कडेच्या बचावाला) पाठवा. बॉक्समध्ये पाठीशी बचावपटू घेऊन चेंडू धरणं, अर्ध्या सेकंदात वळणं, या गोष्टी केवळ सरावात येत नाहीत. त्यासाठी सामन्यातली मिनिटं लागतात, आणि तीच त्याला मिळत नाहीत.

परिणाम आयएसएलमध्ये सर्वाधिक गोलांसाठी मिळणाऱ्या गोल्डन बूटच्या यादीत दिसतो. 2014 च्या एलानोपासून कोरो, ओगबेचे, दियामांताकोसपर्यंत, आणि 2024-25 मध्ये 23 गोल करणाऱ्या अलाएद्दीन अजाराईपर्यंत, अकरा हंगामांत एकही भारतीय नाही. त्या 2024-25 च्या हंगामात भारतीयांमध्ये सर्वाधिक 14 गोल कोणाचे? चाळिशीतल्या सुनील छेत्रीचे. आणि मोहन बागानचा कर्णधार शुभाशिष बोस, तोही बचावपटूच, 6 गोल करून गेला. जर्नेल सिंगची आठवण येणारच.

छेत्रीने 6 जून 2024 ला कोलकात्यात कुवेतविरुद्धच्या गोलशून्य बरोबरीनंतर आंतरराष्ट्रीय फुटबॉल सोडला होता. तेव्हा त्याच्या नावावर 94 गोल होते. पर्याय शोधायला नऊ महिने मिळाले, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? मार्च 2025 मध्ये मार्केसनी त्यालाच परत बोलावलं. शिलाँगला मालदीवविरुद्ध भारत 3-0 ने जिंकला आणि 95 वा गोल त्याने हेडरने केला.