पुरुष जोडीदाराची मारहाण: कायदा, दवाखाना आणि सीमाभाग

उद्यमबागेत कामाला असलेले किंवा कॉलेजसाठी बेळगावात खोली करून राहणारे दोन पुरुष कुणाच्या नजरेत भरत नाहीत. खानापूर, निपाणी, चंदगडकडची पोरं अशीच राहतात. पण त्याच खोलीत एकाने दुसऱ्याला मारलं, तर तेही ‘रूमवरची भांडणं’ म्हणून खपून जातं. गे आणि बायसेक्शुअल पुरुषांच्या नात्यातली हिंसा अशी नजरेआड राहते, त्याला मोठा इतिहास आहे. मारणाऱ्याच्या हातात धाकाचं हत्यार कायद्यानेच दिलं होतं. ते हत्यार काढून घेताना मार खाणाऱ्याला मात्र काहीच दिलं गेलं नाही.

भारतीय दंड संहिता १८६० साली मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तेव्हा बेळगाव जिल्हा मुंबई इलाख्यात होता. १ नोव्हेंबर १९५६ ला तो म्हैसूर राज्यात गेला, सीमा बदलली, पण समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारं कलम ३७७ दोन्हीकडे तेच राहिलं. त्याच संहितेतलं कलम ३८८ फारसं कुणी वाचत नाही. गुन्ह्यात अडकवण्याची धमकी देऊन पैसे उकळण्याबद्दलचं हे कलम. धमकी ३७७ ची असेल तर शिक्षा जन्मठेपेपर्यंत, असं त्यात वेगळं नमूद होतं. म्हणजे या कलमाचा धाक दाखवून माणसं लुबाडली जातील, हे कायदा करणाऱ्यांना तेव्हाच ठाऊक होतं. पण तक्रार करायला गेलेल्याने आधी स्वतःवरचा संशय कबूल करायचा, मग कोण जाणार?

दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ ला संमतीचे संबंध ३७७ मधून वगळले. सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१३ ला तो निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला प्रौढांमधले संमतीचे संबंध कायमचे गुन्ह्याबाहेर काढले. संमतीविना केलेल्या कृत्यांना मात्र ३७७ लागूच होतं. जोडीदाराने जबरदस्ती केली, तर पुरुषाला तेवढा एक आधार होता. १ जुलै २०२४ ला भारतीय न्याय संहिता आली आणि हे कलमच गेलं. नव्या संहितेतली बलात्काराची व्याख्या फक्त स्त्री पीडित असल्याचं धरते. त्यामुळे आज अशा पुरुषाला दुखापत, गंभीर दुखापत, डांबून ठेवणं अशा कलमांवरच भागवावं लागतं. ही उणीव गंभीर आहे आणि ती भरून काढायलाच हवी.

घरगुती हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे. २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्या प्रतिवादीच्या व्याख्येतून ‘प्रौढ पुरुष’ हे शब्द काढले, पण तक्रारदार आजही स्त्रीच असावी लागते. १८१ हेल्पलाईन आणि सखी केंद्रंही महिलांसाठीच. मोजणीचंही तसंच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत कर्नाटकातल्या विवाहित स्त्रियांपैकी ४४ टक्क्यांहून अधिक जणींनी नवऱ्याकडून हिंसा झाल्याचं सांगितलं. पुरुषांना पुरुष जोडीदाराबद्दल कुणी विचारलंच नाही.

एचआयव्ही प्रतिबंधाच्या कामामुळे २००३ नंतर उत्तर कर्नाटकात समलैंगिक पुरुषांपर्यंत पहिल्यांदा कुणीतरी पोचलं. पोलिसांचा त्रास, गुंडांची मारहाण यावर धावून जाण्याची पद्धत तिथे बसली. जोडीदाराविषयी चौकशी व्हायची ती मुख्यतः कंडोमपुरती. शिवाय सौंदत्तीच्या यल्लम्मामुळे या भागात देवीला वाहिलेले, स्त्रीवेशातले जोगप्पा सगळ्यांना माहीत. लोकांच्या डोळ्यांसमोर तेवढंच रूप असतं. बेळगावच्या शहापूर-वडगावातला बायकामुलं असलेला बायसेक्शुअल माणूस त्यात बसत नाही, म्हणून त्याला विचारायचंही कुणाला सुचत नाही.

अमेरिकेत चार मोठ्या शहरांतल्या, पुरुषांशी संबंध असलेल्या २,८८१ पुरुषांची पाहणी २००२ साली प्रसिद्ध झाली. त्यात मागच्या पाच वर्षांत जोडीदाराकडून २२ टक्क्यांनी शारीरिक, ३४ टक्क्यांनी मानसिक आणि सुमारे ५ टक्क्यांनी लैंगिक हिंसा सोसली होती. २०१४ च्या एका आढाव्यात अशी हिंसा सोसलेल्यांमध्ये नैराश्याची लक्षणं आणि व्यसनं जास्त दिसली. २०१३ मध्ये खास या पुरुषांसाठी तयार झालेल्या प्रश्नावलीत मारहाणीबरोबर पाळत, नियंत्रण, भावनिक छळ आणि एचआयव्हीवरून होणारा त्रासही धरला गेला. इथली परिस्थिती समजायला ही विभागणी फार उपयोगी पडते. बघावं तर छळाची सुरुवात बहुधा थपडेने होत नाही. आधी फोन तपासला जातो, मग पगाराचं एटीएम कार्ड ठेवून घेतलं जातं, मग ‘गावाकडं तुझ्या आण्णांना फोटो पाठवू काय?’ अशी धमकी येते. गाव लहान, भावकी मोठी, लग्नाची बोलणी चाललेली. एवढ्यावर माणूस वर्षानुवर्षं गप्प बसतो.

दवाखान्यानेही बराच काळ पाठच फिरवली होती. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने १९७३ मध्ये आणि जागतिक आरोग्य संघटनेने १९९० मध्ये समलैंगिकता आजारांच्या यादीतून काढली. लैंगिक कल बदलण्याचे ‘उपचार’ हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे, असं आपल्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये सांगितलं. तरी रुग्ण येतो तो झोप नाही, छातीत धडधडतं, पित्त होतं एवढंच सांगत, आणि सोबत ‘मित्र’ म्हणून मारणाराच बसलेला असतो. डॉक्टरने पाच मिनिटं रुग्णाला एकट्याला बोलवायलाच हवं. नैराश्याच्या नऊ प्रश्नांच्या चाचणीत मागच्या दोन आठवड्यांबद्दल विचारतात, गुण ० ते २७ असतात आणि १० किंवा त्याहून जास्त आले तर नीट तपासणी करावी लागते. नववा प्रश्न जीव देण्याच्या विचारांचा. त्यावर ‘नाही’ सोडून काहीही उत्तर आलं, तर एकूण गुण कमी असले तरी त्याच दिवशी बोलायचं. हिंसा चालू असताना दोघांना समोरासमोर बसवून समुपदेशन करू नये. तिथे बोललेल्याचा हिशेब खोलीवर गेल्यावर चुकता होतो.

गळा दाबला असेल तर गोष्ट निराळी. वरून बऱ्याचदा काहीच वळ दिसत नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, क्षणभर शुद्ध हरपणं ही लक्षणं. सूज काही तासांनी वाढू शकते आणि मानेतल्या रक्तवाहिनीला इजा झाली असेल तर पुढच्या काही दिवसांत पक्षाघातही होऊ शकतो. तेव्हा घरी न थांबता जिल्हा रुग्णालयाच्या अपघात विभागात जाऊन ‘गळा दाबला’ असं स्पष्ट सांगावं आणि एमएलसी (पोलीस प्रकरण म्हणून होणारी वैद्यकीय नोंद) करायला लावावी. ‘जिन्यावरून पडलो’ अशी नोंद झाली, तर पुढे खटल्यात तीच आडवी येते.

जखमेचे फोटो दोन घ्यावेत, एक चेहऱ्यासकट आणि एक जवळून, शेजारी नाणं ठेवून. एक-दोन दिवसांनी पुन्हा घ्यावेत, कारण वळ नंतर गडद होतो. धमकीचे मेसेज पुसू नयेत. नंबर आणि तारीख दिसेल असे स्क्रीनशॉट मारणाऱ्याला पासवर्ड माहीत नसलेल्या खात्यात ठेवावेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या ‘लिंक्ड डिव्हायसेस’मध्ये त्याचा फोन दिसला, तरी पुरावा सुरक्षित झाल्याशिवाय तो काढू नये, काढला की त्याला कळतं. फोटो पसरवले तर राष्ट्रीय सायबर पोर्टलवर तक्रार करता येते, ऑनलाईन पैसे उकळले असतील तर १९३० वर. तातडीला ११२.

मन खचलं असेल तर टेलि-मानस या सरकारी हेल्पलाईनच्या १४४१६ वर भाषा निवडून बोलता येतं. मोठी सरकारी सोय धारवाडच्या डिम्हान्स या मानसिक आरोग्य संस्थेत आहे. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ लैंगिक कलावरून भेदभावाला मनाई करतो आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवायला सांगतो. घरच्यांना कळवू का, असं डॉक्टरने विचारलं तर ‘नको’ म्हणण्याचा हक्क आहे.

पोलीस ठाण्यात सर्वांत जास्त चुकतं ते असं: दोन पुरुष दिसले की मारामारी समजून दोघांवरही प्रतिबंधक कारवाई होते आणि मार खाणारा मारणाऱ्याच्या रांगेत जाऊन बसतो. त्यासाठी तक्रारीत तारखा, जखमा आणि धमक्या क्रमाने याव्यात. नात्याचं नाव द्यायचं की ‘एकत्र राहतो’ एवढंच लिहायचं हे तक्रारदाराने ठरवावं. मार महाराष्ट्रातल्या चंदगडला पडला आणि माणूस बेळगावात असला, तरी नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे बेळगावात झिरो एफआयआर (हद्दीबाहेरच्या गुन्ह्याची नोंद) होतो. जबाब कन्नडमध्ये लिहिला जातो. तो वाचून दाखवणं बंधनकारक आहे. मराठीत अर्थ समजावून घेतल्याशिवाय सही करू नये आणि प्रत मागून घ्यावी, ती फुकट मिळते. ठाण्याने नोंदच घेतली नाही, तर तीच तक्रार लेखी स्वरूपात पोलीस अधीक्षकांकडे टपालाने पाठवता येते आणि तिथेही काही झालं नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. मोफत वकिलासाठी पुरुषाला सहसा उत्पन्नाची अट लागते. त्याची चौकशी विधी सेवा हेल्पलाईन १५१०० वर होते.