ट्रामाडॉल: ‘साधी अंगदुखीची गोळी’ नव्हे

सोलापुरात यंत्रमागावर बारा-बारा तास उभं राहणाऱ्यांची पाठ बोलू लागली की सल्ला ठरलेला: ‘ट्रामाडॉल घे, सवय लागत नाही.’ हे चूक आहे. ट्रामाडॉल अफूच्याच जातीचं औषध आहे. २०१८ पासून ते भारतात अमली पदार्थांच्या कायद्याखाली येतं.

ही गोळी दोन कामं करते. यकृतात तिच्यातून तयार होणारा घटक अफूसारखा वेदना मारतो आणि मूळ औषध मेंदूतली निरोप वाहणारी रसायनं, म्हणजे सेरोटोनिन, नॉरअ‍ॅड्रेनलिन वाढवतं. म्हणून गोळी सुटल्यावर त्रासही दुहेरी. नाक गळणं, जुलाब, अंग मोडणं हे ओळखीचं. पण काहींना प्रचंड धास्ती, भास, हातापायांत विजेसारखे झटके. घरचे ‘बाहेरची बाधा’ समजतात आणि तिथेच दिवस वाया जातात. जास्त मात्रेत फिटही येते. काही नैराश्याच्या गोळ्यांसोबत धोका आणखी वाढतो.

‘एकदम बंद कर’ हा दुसरा घातक सल्ला. डॉक्टर मात्रा हळूहळू उतरवतात, उदाहरणार्थ दर दोन-चार आठवड्यांनी १० टक्के. ते जमत नसेल तर ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्सोन या, अफूसारख्या औषधांच्या व्यसनावरच्या औषधाची गोळी जिभेखाली. गिळली तर उपयोग जवळपास नाही. तीही ट्रामाडॉल सुटल्याच्या त्रासाची लक्षणं दिसू लागल्यावरच. घाई केली तर त्रास अचानक उसळतो आणि रुग्ण उपचारच सोडतो.

सिव्हिलच्या मानसोपचार विभागात दाखवा, किंवा १४४४६ या व्यसनमुक्ती हेल्पलाइनवर फोन करा. जाताना गोळ्यांची रिकामी पाकिटं सोबत न्या.