केचाक-२५६ म्हणजे एसएचए३-२५६ नव्हे

हॅश म्हणजे कुठल्याही डेटाचा ठरावीक लांबीचा ठसा; त्याहून खोलात इथे जात नाही. एसएचए-२ हे हॅश फंक्शन वापरलं असेल तर तेवढं पुरे. केचाक या हॅश फंक्शनने २०१२ मध्ये निस्ट या अमेरिकी मानक संस्थेची स्पर्धा जिंकली आणि त्यातून एसएचए-३ आलं, हेही ठाऊक असतं. घोळ पुढच्या वाक्यात होतो: ‘म्हणजे दोन्ही एकच.’ एकच नाहीत!

गाभा एकच आहे, २४ फेऱ्या त्याच, हॅशही ३२ बाइटांचाच. सुरक्षिततेत डावं-उजवं नाही. फरक पॅडिंगचा. ब्लॉक भरताना संदेशामागे जोडला जाणारा पहिला बाइट केचाकमध्ये ०१ असतो, एसएचए३ मध्ये ०६ (हेक्समध्ये). मानक करताना निस्टने संदेशाच्या शेपटाला दोन बिट वाढवले, कारण त्याच गाभ्यावर हव्या त्या लांबीचं आउटपुट देणारी शेक फंक्शनंही चालतात आणि दोघांचे हॅश एकमेकांत मिसळता कामा नयेत. तेवढ्या दोन बिटांनी अख्खा हॅश बदलतो. रिकाम्या संदेशाचा केचाक-२५६ ‘सी५ डी२’ने सुरू होतो, एसएचए३-२५६ ‘ए७ एफएफ’ने. लांबी सारखीच, त्यामुळे एरर कुठेच येत नाही. नुसती त्या हॅशवरची डिजिटल सही जुळत नाही, आणि माणूस दोन दिवस सहीची की तपासत बसतो.

गोंधळाला तारखाही कारणीभूत आहेत. इथेरियम या ब्लॉकचेनचं मेननेट (मुख्य नेटवर्क) ३० जुलै २०१५ ला सुरू झालं. फिप्स २०२ हे एसएचए-३चं अंतिम मानक ५ ऑगस्टला आलं. इथेरियममध्ये जुनं पॅडिंग राहिलं आणि नाव मात्र एसएचए३ पडलं. इथेरियमची प्रोग्रॅमिंग भाषा सॉलिडिटीने ०.५.० आवृत्तीमध्ये ते नाव काढून टाकलं, हे फार चांगलं केलं. क्रिप्टो-जेएस या जावास्क्रिप्ट लायब्ररीतलं एसएचए३ मात्र खरं तर केचाकच आहे. तसं डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय, पण नाव वाचल्यावर डॉक्युमेंटेशन कोण उघडतं?

लायब्ररी सांभाळणाऱ्यांना माझं कळकळीचं सांगणं: जुन्या नावाखालचा हॅश ‘मानकानुसार’ म्हणून गुपचूप बदलू नका. लोकांनी साठवलेले हॅश त्या क्षणी निकामी होतात. दोन फंक्शनं, दोन नावं ठेवा आणि संदिग्ध नाव सरळ काढून टाका. बिल्ड मोडला तर मोडू दे. तो निदान दिसतो. चाचण्यांत रिकाम्या संदेशासोबत १३५ बाइटांचाही ठेवा: १३६ च्या ब्लॉकमध्ये एकच बाइट उरतो, ब्लॉकच्या शेवटी येणारं ८० त्यातच मिसळतं, म्हणून तिथे ०१ आणि ०६ नव्हे तर ८१ आणि ८६ लागतात, आणि घरी लिहिलेलं पॅडिंग चुकायचं असेल तर इथेच चुकतं.