विम्याच्या पैशावर लोकसेवेची अ‍ॅम्ब्युलन्स

एखाद्या गावाने, मोहल्ल्याने किंवा ट्रस्टने सेवा म्हणून अ‍ॅम्ब्युलन्स ठेवली आणि तिचा खर्च नुसत्या देणग्यांवर न ठेवता पेशंटच्या आरोग्य विम्यातून फेरीमागे पैसे वसूल केले, तर त्याला विम्याच्या पैशावर चालणारी अ‍ॅम्ब्युलन्स म्हणता येईल. अमेरिकेत ही पद्धत इतकी रुळलीय की छोट्या गावांच्या स्वयंसेवी पथकांचं बजेट सुद्धा त्यावर उभं असतं. नागपुरात मात्र गोष्ट वेगळी आहे, इथं विमा कंपनी पैसे देते ते पेशंटला, गाडीवाल्याला नाही, आणि ते पण डिस्चार्ज झाल्यावर, कागद जुळले तर. त्यामुळे अमेरिकेतली आयडिया जशीच्या तशी उचलून आणली तर मंडळाच्या हाती बिलबुक तेवढं राहतं.

गाडी मिळते, डिझेल मिळत नाही

अ‍ॅम्ब्युलन्स मिळवणं हे या सगळ्यातलं सोपं काम आहे. आमदार निधी, खासदार निधी, कंपनीचा सीएसआर, कुणाच्या वडिलांच्या स्मरणार्थ, काही ना काही करून गाडी येते, लोकार्पण होतं, नारळ फुटतो, गाडीवर पेशंटपेक्षा दात्याचं नाव ठळक असतं. आणि सहा महिन्यांनी तीच गाडी समाजभवनाच्या मागे टायर बसलेली दिसते. कारण निधीतून गाडी येते, ती चालवायची जबाबदारी ज्याने घेतली त्याच्याच अंगावर असते. चोवीस तास गाडी ठेवायची म्हटलं तर आठवड्याचे १६८ तास होतात, एका ड्रायव्हरने आठवड्याला ४८ तास काम केलं असं धरलं तरी साडेतीन ड्रायव्हर लागतात, म्हणजे चारच, आणि अर्धा ड्रायव्हर कुठं मिळत नाही. त्याशिवाय सोबतीला अटेंडंट, ऑक्सिजन सिलेंडर भरणं, गाडीचा स्वतःचा विमा, फिटनेस, बॅटरी, टायर. यातला बहुतेक खर्च गाडी उभी असतानाच होत असतो, ही गोष्ट लोकांना लवकर पटत नाही. रात्री तीन वाजता फोन उचलायला माणूस जागा पाहिजे, फोन येवो की न येवो, त्याचा पगार तर द्यावाच लागतो ना.

नागपूरला ही गरज मोठी आहे कारण हे शहर फक्त स्वतःचे पेशंट सांभाळत नाही. मेडिकल, मेयो, डागा, सुपर ही सरकारी हॉस्पिटलं, मिहानमधलं एम्स, आणि धंतोली-रामदासपेठेतली गल्लीगल्लीतली खाजगी हॉस्पिटलं, इथं भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली, यवतमाळपासून ते पलीकडे छिंदवाडा, सिवनी, बालाघाटपर्यंतचे पेशंट येतात. म्हणजे अ‍ॅम्ब्युलन्सची फेरी मानेवाड्याहून मेडिकल चौकापर्यंतची पण असते आणि गडचिरोलीहून दीडशे-पावणेदोनशे किलोमीटरची पण असते. विम्याच्या दृष्टीने या दोन फेऱ्या सारख्याच, गाडीवाल्याच्या दृष्टीने अजिबात नाहीत, ते पुढे येईलच.

अमेरिकेतली मूळ पद्धत

व्हर्जिनिया राज्यातल्या रोआनोक शहरात १९२८ मधे ज्युलियन स्टॅनली वाइज यांनी स्वयंसेवकांचं बचाव पथक उभं केलं, ते तिथल्या अशा पथकांमधलं पहिलं मानतात. अशी पथकं वर्षानुवर्षं वर्गणी, जेवणावळी आणि टाऊनच्या मदतीवर चालली. पुढे स्वयंसेवक कमी झाले, ट्रेनिंग आणि सामान महाग झालं, मग एकेका गावाने बिल लावायला सुरुवात केली. सुरुवातीला गावकरी चिडतात हे तिथं पण ठरलेलं आहे, आपणच वर्गणी दिली आणि आपल्यालाच बिल? त्यावर काढलेला तोडगा म्हणजे ‘सौम्य बिलिंग’, विमा कंपनी देईल तेवढं घ्यायचं आणि गावातल्या माणसाच्या मागे उरलेल्या रकमेसाठी लागायचं नाही. आता सरकारी विम्यात पेशंटचा वाटा सरसकट माफ करणं तिथल्या कायद्याला चालत नाही, कारण ते गिऱ्हाईक ओढायला दिलेलं आमिष ठरू शकतं. पण स्थानिक शासनाचीच सेवा असेल तर रहिवाशांनी भरलेला कर हाच त्यांचा वाटा धरतात आणि सूट मिळते.

तिथला ज्येष्ठांचा सरकारी विमा, मेडिकेअर, १ एप्रिल २००२ पासून अ‍ॅम्ब्युलन्ससाठी ठरलेलं दरपत्रक वापरतो. एक मूळ रक्कम, ती साधी सेवा होती की प्रगत त्यावर, आणि वर मैलाचे पैसे. मैल पण फक्त पेशंट गाडीत असतानाचे, रिकामी गाडी परत आली ते मैल कुणी मोजत नाही. वर्षाची ठरलेली रक्कम पेशंटने भरली की मंजूर दराच्या ८० टक्के मेडिकेअर देतं, २० टक्के पेशंटचे, आणि मंजूर दराच्या वर पेशंटकडून काही मागता येत नाही. खाजगी विम्याचं तसं नाही. १ जानेवारी २०२२ पासून तिथं अचानक येणाऱ्या मोठ्या बिलांविरुद्धचा कायदा लागू झाला, त्यात हवाई अ‍ॅम्ब्युलन्स आली, रस्त्यावरची राहून गेली.

सगळ्यात मोठी मेख म्हणजे पेशंटला उचलून हॉस्पिटलला नेलं तरच पैसे. घरी जाऊन शुगर कमी झालेल्या म्हाताऱ्याला ग्लुकोज देऊन बरं केलं आणि तो म्हणाला मला नाही यायचं, तर फेरी फुकट. हे बदलून बघायला मेडिकेअरने २०२१ मधे एक प्रयोग सुरू केला, त्यात जागेवरच उपचार केले तरी पैसे मिळायचे, तो २०२३ च्या शेवटी बंद केला.

जर्मनीत हे काम आरोग्य विमा निधीच उचलतो, पेशंटने फेरीमागे ५ ते १० युरो द्यायचे आणि विषय संपला. जपानमधे ११९ लावला की अग्निशमन दलाची गाडी येते, बिलच नाही.

आपल्या पॉलिसीत काय असतं

मेडिक्लेमच्या जवळपास प्रत्येक पॉलिसीत रोड अ‍ॅम्ब्युलन्सची एक ओळ असते, बहुतेकांनी ती कधी वाचलेली नसते. १ एप्रिल २०२० पासून आयआरडीएआय या विमा नियामक संस्थेने सगळ्या कंपन्यांना जी एकसारखी ‘आरोग्य संजीवनी’ पॉलिसी विकायला लावली तिच्यात एका भरतीमागे २००० रुपयांपर्यंत अ‍ॅम्ब्युलन्स खर्च आहे. बाकीच्या पॉलिसीत कमीजास्त असतं, महागड्या पॉलिसीत प्रत्यक्ष झालेला खर्च पण मिळतो. अटी साधारण सारख्याच, पेशंट भरती झाला पाहिजे, ती भरती क्लेममधे बसली पाहिजे, गाडी रजिस्टर्ड अ‍ॅम्ब्युलन्स पाहिजे, आणि पावती पाहिजे. ओपीडीत दाखवून परत आणलं तर बहुतेक वेळा काही नाही, डिस्चार्जनंतर घरी सोडलं तर सहसा नाही, आणि डेड बॉडी गावी नेली तर ती वेगळीच बाब, साध्या पॉलिसीत नसतेच.

आता गडचिरोलीची फेरी घ्या. जाऊन येऊन ३४० किलोमीटर, गाडी लिटरला १० देते असं धरलं तर ३४ लिटर डिझेल, २००० रुपयात डिझेलच निघत नाही, ड्रायव्हरचा भत्ता आणि टोल तर सोडाच. उलट मानेवाडा ते मेडिकल या फेरीला २००० म्हणजे भरपूर झाले. म्हणजे विम्याचा आकडा शहरातल्या जवळच्या फेरीसाठी बरा आहे आणि ज्याला खरोखर दूरची गाडी लागते त्याच्यासाठी तोकडा. आणि मेडिकलला जनरल वॉर्डात जाणाऱ्या पेशंटकडे मेडिक्लेम असायची शक्यताच कमी, ज्याच्याकडे आहे तो धंतोलीत जातो. त्यामुळे विम्यातून पैसा काढायचाच तर तो खाजगी हॉस्पिटलच्या फेऱ्यांतून निघणार आणि मेडिकल-मेयोच्या फेऱ्या त्यावर चालणार, हे आधीच मान्य करून टाकलेलं बरं. मुंबईत १२९८ या फोन नंबरची अ‍ॅम्ब्युलन्स सेवा याच तत्त्वावर सुरू झाली होती, खाजगी हॉस्पिटलला जाणाऱ्याकडून पूर्ण भाडं, सरकारी हॉस्पिटलला जाणाऱ्याकडून कमी.

कॅशलेसचं म्हणाल तर ते हॉस्पिटल आणि टीपीए, म्हणजे विमा कंपनीच्या वतीने क्लेम तपासणारी मधली संस्था, यांच्यातलं नातं आहे. जानेवारी २०२४ मधे विमा कंपन्यांनी ‘कॅशलेस एव्हरीव्हेअर’ जाहीर केलं, ते पण हॉस्पिटलांपुरतंच. हॉस्पिटलची स्वतःची गाडी असेल तर तिचं भाडं हॉस्पिटलच्या बिलात टाकता येतं, बाहेरच्या मंडळाच्या गाडीला असा दरवाजा नाही. एक वाट आहे, दोनचार हॉस्पिटलांशी लेखी ठरवून घ्यायचं की पेशंट आणला की आमचं भाडं तुमच्या बिलात लावा आणि महिन्याच्या महिन्याला आम्हाला द्या. पण इथं सांभाळून, कारण ठराविक हॉस्पिटलकडून पैसे येतात म्हटलं की ड्रायव्हर पेशंटला तिकडंच वळवतो, आणि कमिशनवर पेशंट पोचवण्याची बदनामी या धंद्याला काही नवीन नाही. लोकसेवेच्या गाडीने कुठं जायचं हे पेशंटच्या घरच्यांनी ठरवावं, करार असो की नसो.

पावतीचा घोळ

प्रत्यक्षात पैसा बुडतो तो पावतीत. मंडळाला भाडं म्हणायला संकोच वाटतो, म्हणून देणगी पावती फाडतात, ‘रुग्णसेवेस सप्रेम ५०० रुपये’. घरचे ती क्लेमच्या फाईलला लावतात आणि टीपीए ती बाजूला काढतो, कारण देणगी हा उपचाराचा खर्च नाही, आणि खरं सांगायचं तर टीपीएचं चूक पण नाही. मग घरचे म्हणतात मंडळाने फसवलं. असे पेशंटचे नातेवाईक आणि मंडळाचे अध्यक्ष दोघंही रागावलेले मी पाह्यले आहेत, पाचशे रुपयासाठी, आणि दोघांचीही बाजू खरीच होती.

तर भाड्याची पावती आणि देणगीची पावती ही दोन वेगळी पुस्तकं पाहिजेत. भाड्याच्या पावतीवर गाडीचा नंबर, तारीख आणि वेळ, पेशंटचं नाव पॉलिसीवर आहे तसंच, कुठून कुठं, किलोमीटर, रक्कम, सही-शिक्का. वेळ लिहायला लोक विसरतात आणि तीच हॉस्पिटलच्या भरतीच्या वेळेशी जुळवून बघतात. सोबत अटेंडंटने एक कागद भरावा, पेशंट शुद्धीत होता का, ऑक्सिजन लावला का, बीपी किती. अमेरिकेत हाच कागद अख्ख्या बिलाचा पाया असतो, अ‍ॅम्ब्युलन्स सोडून दुसऱ्या कशाने नेणं पेशंटच्या जिवाला धोक्याचं होतं हे त्यावरून सिद्ध करावं लागतं. आपल्याकडे कुणी तितकं खोदून विचारत नाही, पण कागद असला तर डॉक्टरच्या पण कामाला येतो.

जीएसटीचा प्रश्न नेहमी येतो. अ‍ॅम्ब्युलन्समधून पेशंट नेण्याच्या सेवेवर जीएसटी माफ आहे, त्यामुळे पावतीवर तो लावायचा नाही. भाडं घेतलं म्हणून ट्रस्टचं धर्मादायपण जातं ही भीती पण फार आहे. १९६१ च्या आयकर कायद्यात वैद्यकीय मदत हा धर्मादाय कामाचा स्वतंत्र प्रकार होता, नुसती फी घेतल्याने तो बाद होत नव्हता, फक्त हिशोब नीट आणि पैसा त्याच कामात पाहिजे. तरी सीएला विचारून घ्या.

१०८ असताना हे कशाला

बरोबर प्रश्न आहे. महाराष्ट्रात १०८ ची सेवा २६ जानेवारी २०१४ ला सुरू झाली, ९३७ गाड्या होत्या, त्यातल्या २३३ प्रगत जीवनरक्षक, बाकी साध्या, सेवा पूर्ण मोफत. गरोदर बाया आणि तान्ह्या बाळांसाठी १०२, राष्ट्रीय महामार्गावर १०३३. इमर्जन्सीत पहिला फोन १०८ लाच करायचा, मंडळाची गाडी ही त्याच्यानंतरची, डायलिसिसला नेणं, केमोला नेणं, पाय प्लॅस्टरमधे असलेल्या माणसाला तिसऱ्या मजल्यावरून उतरवून आणणं. आणि गंमत अशी की मंडळाची गाडी जे काम सगळ्यात जास्त करते त्यातलंच बरंचसं विम्याच्या अ‍ॅम्ब्युलन्सच्या ओळीत बसत नाही.

जुन्या सरकारी योजनांमधे प्रवासाचा विचार होता, २००८ च्या राष्ट्रीय स्वास्थ्य विमा योजनेत एका भरतीला १०० रुपये आणि वर्षाला जास्तीत जास्त १००० रुपये प्रवासखर्च मिळायचा. रक्कम हसण्यासारखी, पण हातात रोख मिळायची.

सभासद कार्डाची वाट

फेरीमागे वसूल करण्यापेक्षा आधीच थोडंथोडं जमवणं ही दुसरी पद्धत. ऑस्ट्रेलियात व्हिक्टोरिया राज्यात लोक अ‍ॅम्ब्युलन्सचं वार्षिक सभासदत्व घेतात, मग फेरीचं बिल येत नाही. आपल्याला इतकं लांब जायची गरज नाही, नागपूरपासून पाऊणशे किलोमीटरवर सेवाग्रामच्या कस्तुरबा हॉस्पिटलने गावकऱ्यांकडून सुगीनंतर ज्वारी घेऊन उपचारात सवलत द्यायची योजना चालवली, ती ज्वारी विमा म्हणून ओळखली जाते. एकटा माणूस नाही तर गावातली बहुतेक घरं सामील झाली पाहिजेत हा तिच्यातला शहाणपणा, नाहीतर फक्त आजारी माणसंच सभासद होतात.

मोहल्ल्याच्या गाडीला हे जास्त मानवतं, कारण हा पैसा गाडी उभी असतानाचा खर्च भरतो, जो विम्याचं बिल कधीच भरत नाही. घरामागे वर्षाला ३०० रुपये आणि १००० घरं म्हणजे ३ लाख, दोन ड्रायव्हरांचा पगार कसाबसा निघतो, उरलेलं फेऱ्यांच्या भाड्यातून आणि ते भाडं ज्याची पॉलिसी आहे त्याला परत मिळेल अशा पावतीतून. कार्डावर मात्र ‘सभासद सवलत’ एवढंच छापा, ‘विमा’ हा शब्द नको, आयआरडीएआयच्या नोंदणीशिवाय विमा विकता येत नाही आणि उत्साहाच्या भरात बॅनरवर मंडळी काहीही लिहून बसतात.