समुद्रातून धातू काढायचे, पण पाणी उपसायचं कुणी?

आमच्या लॅबमध्ये काही महिन्यांसाठी बाहेरून आलेली पीएचडीची विद्यार्थिनी समुद्राच्या पाण्यातलं लिथियम वेगळं करणाऱ्या मेम्ब्रेनवर (ठरावीक गोष्टीच आरपार जाऊ देणाऱ्या पातळ पडद्यावर) काम करतेय, तर हा विषय इथवर कसा आला ते थोडं.

पहिल्या महायुद्धानंतर जर्मनीची युद्धभरपाई फेडायला तिथल्या एका नोबेल मिळालेल्या रसायनशास्त्रज्ञाने समुद्रातलं सोनं मोजलं, ते अंदाजापेक्षा फारच कमी निघालं आणि नाद सोडला.

युरेनियमवर खरी मेहनत जपानने घेतली. १९८० च्या दशकात त्यांनी किनाऱ्यावर प्लांट टाकून युरेनियम धरून ठेवणाऱ्या टायटॅनियम ऑक्साइडवरून पंपाने पाणी सोडून पाहिलं, आणि खरा वाद इथूनच सुरू होतो. घनमीटरमध्ये युरेनियम फक्त ३.३ मिलिग्रॅम, म्हणजे सगळंच्या सगळं पकडलं तरी एका किलोसाठी ३ लाख घनमीटर पाणी, मग पंपाच्या विजेचं काय? म्हणून निर्णय फिरवला, पाणी आणायचं नाही, ॲमिडॉक्झिम (युरेनियम पकडणारं रसायन) चिकटवलेलं पॉलिथिलीनचं कापडच समुद्रात सोडायचं, प्रवाह आपोआप पाणी आणेल. आओमोरीच्या किनाऱ्यापाशी १९९९ ते २००१ मध्ये असं किलोभर यलोकेक, म्हणजे युरेनियमची पिवळी भुकटी, मिळालं. टीका करणारे म्हणतात की बोटी, दोर, ते सगळं वर ओढणं यातच खर्च जातो, वर शेवाळ चढतं, आणि ॲमिडॉक्झिमला व्हॅनेडियम (समुद्रातलाच दुसरा धातू) इतकं घट्ट धरतं की ते सोडवायला लागणाऱ्या कडक ॲसिडने कापडच खराब होतं. हे सगळं खरंय, तरी माझ्या मते पंप सोडायचा निर्णय बरोबरच होता. आपल्याकडे मुंबईत ट्रॉम्बे आणि तारापूरलाही अशा शीट्स बुडवून पाहिल्यात, आणि तारापूरला तर वीज केंद्र थंड ठेवायला समुद्राचं पाणी तसंही वाहतंच.

लिथियमने हिशोब बदलला. ते लिटरला साधारण ०.१७ मिलिग्रॅम, म्हणजे युरेनियमच्या पन्नासेक पट. अडचण मॅग्नेशियमची, ते लिथियमच्या ७ हजार पटींहून जास्त, त्यामुळे मेम्ब्रेनला निवड करता आलीच पाहिजे. २०२१ मध्ये तांबड्या समुद्राच्या पाण्यावर सिरॅमिक मेम्ब्रेन आणि वीज वापरून पाच टप्प्यांत लिथियम हजारो पट दाट करून दाखवलं गेलं, त्याच वर्षी अमेरिकेत पाणी गोडं करता करता पारा, तांबं, लोखंड पकडणारी मेम्ब्रेन आली. मला दुसरी वाट जास्त पटते, कारण चेन्नईजवळच्या मिंजूरसारखा रोज १० कोटी लिटर गोडं पाणी देणारा प्लांट त्यासाठी २० कोटी लिटरच्या वर पाणी उपसतोच, त्यात रोज ३० किलोच्या वर लिथियम असतं आणि ते जवळपास दुप्पट खाऱ्या पाण्याबरोबर परत समुद्रात जातं. आमच्याकडच्या विद्यार्थिनीची मेम्ब्रेनही त्याच खाऱ्या पाण्यासाठी आहे.