जुन्या जीपला अल्टरनेटर बसवताय? मग लाल बल्ब विसरू नका

आमच्या काकांकडे सीजे-३बी पेट्रोल जीप आहे, १२ व्होल्टची, अजून मूळ इंजिनवर चालणारी. तिचा डायनॅमो म्हणजे बॅटरी चार्ज करणारा जनरेटर बरीच वर्षं त्रास देत होता, आतले घासणारे कार्बन बदलून झाले, फिरणारं आर्मेचर दोनदा वाइंड करून झालं, तरी रात्री हेडलाइट लावून घाटात हळू चालवली की लाइट पिवळे पडायचे आणि सकाळी सेल्फ मारायला बॅटरीत जीव नसायचा. शेवटी डायनॅमो काढून अल्टरनेटर, म्हणजे तेच काम करणारं नव्या पद्धतीचं यंत्र, बसवायचं ठरलं. आतच रेग्युलेटर (व्होल्टेज सांभाळणारा भाग) असलेला साधा अल्टरनेटर आणला, क्लॅम्प बनवून घेतला, पट्टा बसला, जाड वायर बॅटरीला गेली. मागे अजून दोन टर्मिनल होते, एक डब्ल्यू आणि एक डी प्लस. वायरमन म्हणाला डब्ल्यू टॅकोमीटरची, म्हणजे इंजिनचा वेग दाखवणाऱ्या मीटरची असते आपल्याला नको, डी प्लस चार्जिंग दाखवणाऱ्या इंडिकेटर बल्बची आहे, आणि या जीपला बल्बच नाही, अँपिअर मीटर आहे, मग ती पण मोकळीच राहू दे.

तिसऱ्या दिवशी बॅटरी डाऊन. गंमत म्हणजे ज्या दिवशी काका हायवेला जाऊन आले त्या दिवशी चार्जिंग व्यवस्थित झालं होतं, गावातल्या गावात फिरले त्या दिवशी अजिबात नाही. दुसऱ्या गॅरेजमध्ये दाखवली तर त्यांनी डी प्लसची वायर सरळ इग्निशन स्विचवर नेऊन जोडली, चार्जिंग लगेच सुरू झालं, सगळे खूश, आणि मग चावी बंद केली तर इंजिन बंदच होईना. चावी हातात आणि जीप चालूच! गिअर टाकून ब्रेकवर दाबून बंद करावी लागली.

हे दोन्ही प्रकार एका पन्नास-शंभर रुपयांच्या बल्बमुळे टळले असते, आणि तो बल्ब फक्त दिवा नाहीये, तो सर्किटचा भाग आहे, हे समजून घेतलं की अल्टरनेटरचं निम्मं वायरिंग समजलं.

आधी डायनॅमोचं बघू. फॅरडेने १८३१ मध्ये दाखवून दिलं की वायरच्या वेटोळ्याजवळ चुंबकीय क्षेत्र बदलत राहिलं की वेटोळ्यात वीज तयार होते. डायनॅमोत चुंबक बाहेर स्थिर असतो आणि वेटोळं म्हणजे आर्मेचर आत फिरतं. फिरणाऱ्या वेटोळ्यात तयार होते ती एसीच, पण कॉम्युटेटर नावाची तांब्याच्या पट्ट्यांची रिंग आणि तिच्यावर घासणारे कार्बन मिळून दर अर्ध्या फेरीला जोडणी उलटवतात, म्हणून बाहेर डीसी मिळते. म्हणजे गाडीचा सगळा करंट त्या दोन घासणाऱ्या कार्बनमधून जातो, ठिणग्या उडतात, झीज होते, आणि जड आर्मेचर फार जोरात फिरवलं तर त्याची वाइंडिंग बाहेर फेकली जायची भीती, म्हणून पुली अशी ठेवावी लागते की टॉप स्पीडला डायनॅमो सुरक्षित राहील. याचा परिणाम आयडलला (रेस न देता इंजिन नुसतं चालू असताना) बिचारा इतका हळू फिरतो की जवळपास काहीच देत नाही.

अल्टरनेटरमध्ये हे सगळं उलटं केलंय. चुंबक आत फिरतो आणि वीज बाहेरच्या स्थिर वाइंडिंगमध्ये तयार होते, जिथून ती घासण्याशिवाय सरळ बाहेर काढता येते. आतला चुंबक म्हणजे रोटर हा इलेक्ट्रोमॅग्नेट असतो, त्याला कार्बनमधून फक्त तीन-चार अँपिअर द्यावे लागतात, तेही सपाट गुळगुळीत रिंगवर, त्यामुळे कार्बन वर्षानुवर्षं टिकतात. एसीची डीसी करायचं काम सहा सिलिकॉन डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग) करतात. हे डायोड स्वस्त आणि दणकट झाले तेव्हाच अल्टरनेटर मोटारीत आला, अमेरिकेत क्रायस्लरने १९६० च्या सुमारास तो सरसकट द्यायला सुरुवात केली. रोटर दणकट असल्याने छोटी पुली लावून इंजिनच्या दुप्पट-तिप्पट वेगाने फिरवता येतो, म्हणून आयडललाही चार्जिंग.

आता जुन्या कटआऊटच्या डब्याचं काय? बोनेटखाली तो काळा डबा असतो ना, त्यात दोन किंवा तीन बॉबिन असतात. एक बॉबिन डायनॅमो हळू फिरताना बॅटरीचा करंट उलटा त्याच्यात शिरू नये म्हणून जोडणी तोडते, दुसरी व्होल्टेज सांभाळते, तिसरी करंट जास्त होऊ देत नाही. अल्टरनेटर बसवला की हा डबा पूर्ण बाजूला करायचा, त्याच्या वायरी अर्धवट लटकत ठेवायच्या नाहीत. उलटा करंट डायोडच अडवतात. व्होल्टेज आतला रेग्युलेटर सांभाळतो, तो रोटरचा करंट सेकंदाला कितीतरी वेळा चालू-बंद करून व्होल्टेज १४ च्या आसपास धरतो. आणि करंटची मर्यादा? मला ही गोष्ट सगळ्यात सुंदर वाटते, त्यासाठी वेगळा पार्टच नाही. रोटर जितका जोरात फिरतो तितकी एसीची फ्रिक्वेन्सी वाढते, आणि फ्रिक्वेन्सी वाढली की स्थिर वाइंडिंग स्वतःच करंटला जास्त विरोध करते, त्यामुळे वेग कितीही वाढवला तरी एका आकड्याच्या पुढे अँपिअर जातच नाहीत.

पण एक अडचण राहते. रोटर चुंबक झाल्याशिवाय वीज नाही आणि वीज आल्याशिवाय रोटर चुंबक होत नाही. एकदा चार्जिंग सुरू झालं की आतले तीन छोटे डायोड अल्टरनेटरच्याच विजेतला थोडा भाग रोटरला देत राहतात, याच बिंदूला डी प्लस म्हणतात. पण सुरुवात कोण करणार? तिथे बल्ब येतो. चावीतून १२ व्होल्ट बल्बमधून डी प्लसला, तिथून रोटरमधून अर्थला. बल्ब २.२ वॉटचा असेल तर साधारण ०.१८ अँपिअर रोटरला मिळतात, एवढं चुंबकत्व पुरतं. इंजिन चालू झालं की डी प्लसवर बॅटरीइतकेच व्होल्ट येतात, बल्बच्या दोन्ही टोकांना सारखंच व्होल्टेज, मग करंट वाहणार कशाला, बल्ब विझतो. बल्ब कोणी बंद करत नाही, तो आपोआप बंद पडतो.

आता काकांच्या जीपचं कोडं सुटतं. बल्ब नसताना रोटरच्या लोखंडात उरलेलं किंचित चुंबकत्व होतं, पण त्यातून आलेलं व्होल्टेज डायोड उघडायलाच पुरत नव्हतं, एकेका डायोडला अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त लागतं. हायवेला जोरात रेस झाल्यावर ते पुरलं आणि चार्जिंग पकडलं, गावात कधी पकडलंच नाही. आणि वायर डायरेक्ट जोडल्यावर चावी बंद केली तरी डी प्लसमधून उलटे १४ व्होल्ट इग्निशन कॉइलला (स्पार्क प्लगची ठिणगी देणाऱ्या कॉइलला) मिळत राहिले, म्हणून इंजिन चालू. त्या छोट्या तीन डायोडवर कॉइलचा सगळा भार पडतो तो वेगळाच, ते जळूही शकतात. मध्ये बल्ब असेल तर उलटा करंटही पाव अँपिअरच्या आतच राहतो, कॉइलला तीन-चार लागतात, त्यामुळे इंजिन निमूट बंद होतं.

एलईडी लावायची असेल तर एकटी लावू नका, ती जेमतेम २० मिलिअँपिअर घेते. तिला पॅरलल ६८ ओहमचा ५ वॉटचा रेझिस्टर द्या, तोच खरं काम करेल. आणि हे सगळं डी प्लसवाल्या अल्टरनेटरचं, जपानी पद्धतीच्या काही अल्टरनेटरना आयजी, एल आणि एस अशी टर्मिनल असतात, तिथे आयजीला चावीचा करंट, एलला बल्ब आणि एसला बॅटरीचं व्होल्टेज बघायची वायर जाते, म्हणून घेताना आधी टर्मिनलवरची अक्षरं वाचा, दुकानदाराच्या आठवणीवर जाऊ नका.

जाड वायरीत कंजूषी नको. जुन्या डायनॅमोची २.५ चौरस एमएमची वायर तशीच ठेवली आणि अल्टरनेटर ४० अँपिअर देतोय समजा, दोन मीटर वायरीत अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त खर्च होतो आणि २२ वॉट उष्णता तयार होते, तीही जुन्या कडक झालेल्या प्लास्टिकच्या आत. तेच १० चौरस एमएमची वायर असेल तर नुकसान ०.१४ व्होल्ट. ही वायर जुन्या अँपिअर मीटरमधून फिरवू नका, ३० चा काटा असलेल्या मीटरमधून ४० अँपिअर नेले तर डॅशबोर्डच्या मागे धूर निघायची वेळ येते. त्याऐवजी व्होल्टमीटर लावा. वायरीला बॅटरीच्या बाजूला ६० अँपिअरचा फ्यूज हवाच, कारण ती कुठे घासून बॉडीला लागली तर आग लावायची ताकद बॅटरीत आहे. आणि इंजिन ते चासी ते बॅटरी अर्थ पट्टी नवीन टाका, रंग खरवडून, कारण जेवढा करंट बी प्लसमधून, म्हणजे जाड वायरीच्या टर्मिनलमधून जातो तेवढाच अर्थमधून परत येतो हे लोक विसरतात. जुन्या ब्रिटिश गाड्यांत बऱ्याच ठिकाणी पॉझिटिव्ह अर्थ (बॅटरीचं प्लस टोक बॉडीला) असतो, तिथे आधी सगळं निगेटिव्ह अर्थ करून घ्यायचं, बॅटरी उलटी जोडली तर डायोड तिथेच संपले.

अजून एक, कळकळीने सांगतो. डायनॅमोच्या काळात चार्जिंग होतंय का बघायला इंजिन चालू असताना बॅटरीचं टर्मिनल काढून बघायची सवय होती, अजूनही काही गॅरेजात तसंच करतात. अल्टरनेटरला हे कधीच करू नका. भार अचानक गेला तर रोटरचं चुंबकत्व लगेच उतरत नाही आणि क्षणभर व्होल्टेज १४ वरून कितीतरी पटीने उसळतं, रेग्युलेटर आणि डायोड मरतात. त्याऐवजी मल्टीमीटर घ्या. इंजिन बंद असताना भरलेल्या बॅटरीवर १२.६ च्या आसपास, चालू असताना १३.८ ते १४.४, हेडलाइट लावले तरी १३.५ च्या खाली जाऊ नये.

काकांच्या जीपला आम्ही स्टीअरिंगशेजारी लाल बल्ब बसवला. आता तोच सगळं सांगतो. चावी दिल्यावर पेटलाच नाही तर बल्ब उडालाय किंवा कार्बन संपलेत किंवा वायर सुटलीय. इंजिन चालू असताना मंद पेटलेला राहिला तर छोट्या डायोडपैकी एखादा गेलाय किंवा इग्निशन स्विचचा पॉइंट खराब आहे. आणि चावी काढल्यावरही मंद पेटलेला दिसला तर मुख्य डायोड शॉर्ट झालाय, त्या रात्री बॅटरीची वायर काढूनच झोपा, नाहीतर सकाळी परत धक्का.