शिवलेली नौका

शिवलेली नौका : फळ्या लोखंडी खिळ्यांनी न ठोकता दोरीच्या टाक्यांनी एकमेकींना शिवून बांधलेली लाकडी शिडाची नौका. अरबी समुद्र, बंगालचा उपसागर आणि पूर्व आफ्रिकेचा किनारा हे या बांधणीचे मुख्य क्षेत्र. पश्चिम हिंदी महासागरात टाक्यासाठी बहुधा नारळाचा काथ्या वापरला जाई. लहान मासेमारी होड्यांपासून महिनोन्‌महिने समुद्रावर राहणाऱ्या व्यापारी जहाजांपर्यंत सर्व आकारांत ही पद्धत आढळते.

उत्पत्ती व प्राचीनता : ही पद्धत प्रथम कोणत्या किनाऱ्यावर रूढ झाली यावर एकमत नाही. ‘एरिथ्रियन समुद्राचा पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासमार्गदर्शकात, जो आता बहुतेक अभ्यासक इ. स. पहिल्या शतकाच्या मध्यास ठेवतात (पूर्वी तो तिसऱ्या शतकापर्यंत ओढला जाई), ओमाना या प्राचीन बंदरातून अरबस्तानाकडे निर्यात होणाऱ्या ‘मदराता’ नावाच्या शिवलेल्या नौकांचा उल्लेख आहे. हा शब्द खजुरीच्या धाग्याने बांधणे या अर्थाच्या अरबी शब्दावरून आला, असे एक मत आहे. ते ग्राह्य धरले तरी त्यावरून पद्धतीचे मूळ अरबी ठरत नाही. फार तर शब्दाचे ठरते. त्याच ग्रंथातील आफ्रिकेच्या किनाऱ्यावरील ‘ऱ्हाप्टा’ या बंदराचे नाव तर ‘शिवलेले’ या ग्रीक शब्दावरूनच पडले आहे. शिवाय भरुच (बरिगाझा) येथून ओमानाकडे इमारती लाकूड जात असल्याचेही हा ग्रंथ सांगतो. लाकूड एका किनाऱ्याचे आणि सुतार दुसऱ्या किनाऱ्याचे अशी स्थिती इतकी जुनी असेल, तर एकाच उगमस्थानाचा शोध फारसा फलदायी ठरणार नाही. एकाहून अधिक किनाऱ्यांवर ही पद्धत स्वतंत्रपणे वाढली असावी, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

खिळे का नाहीत, हा त्याहून जुना वाद. सहाव्या शतकातील बायझंटिन इतिहासकार प्रोकोपियस याने हिंदी समुद्रातील नौकांना डांबर लावत नाहीत व त्यांच्या फळ्या दोऱ्यांनी बांधतात असे नोंदवले. समुद्रातील चुंबकी खडक लोखंड ओढून घेतात, ही त्या काळी प्रचलित असलेली कथा त्याने तिथेच खोडून काढली : भरपूर लोखंड असलेली रोमन जहाजे तांबड्या समुद्रात सुखरूप फिरतात, मग खडकांना दोष कसला? त्याच्या मते खरे कारण लोखंडाची टंचाई. चुंबकाची कथा मात्र टिकून राहिली. धारच्या भोजराजाच्या नावे असलेल्या ‘युक्तिकल्पतरु’ या संस्कृत ग्रंथात समुद्रगामी नौकेत लोखंड वापरू नये असा इशारा याच कारणासाठी दिलेला आहे. राधाकुमुद मुखर्जी यांनी 1912 मध्ये हा ग्रंथ नौकानयनाच्या अभ्यासकांसमोर आणला. भोजाचा काळ धरल्यास तो अकराव्या शतकातला. परंतु त्याचे कर्तृत्व आणि काल यांविषयी शंका घेतल्या गेल्या आहेत. तेराव्या शतकात इराणच्या आखाताच्या मुखाशी असलेल्या होर्मूझ बंदरात ही जहाजे पाहणाऱ्या मार्को पोलो या व्हेनिसच्या प्रवाशाने त्यांना कुचकामी ठरवले. खिळा मारताच फुटणारे ठिसूळ लाकूड हे त्याने दिलेले कारण.

टंचाईचा तर्क भारताला लागू करणे कठीण आहे, कारण येथे लोखंड विपुल होते. समुद्राच्या पाण्यात खिळा गंजतो आणि गंजताना भोवतीचे लाकूडही खातो. टाका कुजला तर तेवढाच सोडवून नवा घालता येतो. शिवलेला सांगाडा लाटेबरोबर किंचित लवतो, त्यामुळे वाळूवर आपटणाऱ्या किनारी होड्यांना तो सोयीचा. कोरोमंडल किनाऱ्यावरच्या मसुला होड्या याचे ठळक उदाहरण. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांच्या आगमनानंतर मोठ्या जहाजांत खिळ्यांचा वापर वाढला असे सामान्यतः मानतात. हा बदल एकदम झाला नसावा.

बांधणी : आधी सांगाडा आणि मग फळ्या, या युरोपीय क्रमाच्या उलट येथे पठाणावर (तळाच्या मुख्य लाकडावर) प्रथम फळ्यांचे कवच चढते आणि बरगड्या नंतर बसवतात. फळ्या कडेला कड भिडवून लावतात. वळणाच्या जागी वाफ देऊन वाकवतात. दोन्ही कडांलगत समोरासमोर भोके पाडली जातात. सांध्याच्या आतल्या बाजूने काथ्याची गुंडाळी ठेवून तिच्यावरून टाका जातो.

शिवणारे दोघे असतात, एक जहाजाच्या आत आणि एक बाहेर. दोरी भोकातून बाहेर आली की बाहेरचा ती लाकडी दांडीला गुंडाळून तरफेसारखी ओढतो. आतला गुंडाळी ठोकून दाबतो. ताण सुटू नये म्हणून भोकात तात्पुरती खुंटी ठोकतात आणि मगच पुढच्या भोकाकडे वळतात. बाहेरचा टाका घासून तुटू नये यासाठी फळीत खाच कोरून तो तिच्यात बुडवतात. शेवटी भोके काथ्याने बुजवून वर राळ व माशाचे तेल यांचा लेप देतात. खाऱ्या पाण्यात मुरवलेल्या नारळाच्या सोडणाचा काथ्या समुद्रात चांगला टिकतो. गोडे पाणी मात्र त्याला मानवत नाही.

लांब पल्ल्याची तयारी : या जहाजांच्या प्रवासाचे वेळापत्रक मोसमी वाऱ्यांनी ठरे. भारतातून अरबस्तानाकडे ईशान्य वाऱ्यांवर, परतीला नैर्ऋत्य वाऱ्यांवर. प्रत्यक्ष तयारीविषयी जुन्या लेखनात फार थोडे सापडते. जे तपशीलवार कळते ते आधुनिक प्रतिकृतींमुळे.

पहिली मोठी प्रतिकृती सागरप्रवासी व लेखक टिम सेव्हरिन यांची ‘सोहार’, ओमानमधील सूर येथे बांधलेली. तिचे लाकूड मलबारातून नेलेले ‘ऐनी’ (हा फणसाच्या कुळातला वृक्ष, नावावरून आपल्याकडच्या ऐनाशी गल्लत होते) आणि शिवणारे कसबी लक्षद्वीपचे. लाकूड पोखरणाऱ्या किड्यापासून संरक्षण म्हणून तळाला चुना व बकऱ्याची चरबी यांचा थर दिला होता. नोव्हेंबर 1980 मध्ये मस्कतहून निघून जुलै 1981 मध्ये ती चीनमधील कँटनला पोचली. वाटेत वारा पडून ती खोळंबली तेव्हा खलाशांनी पावसाचे पाणी साठवले. दुसरी, ‘ज्युएल ऑफ मस्कत’, इंडोनेशियातील बेलितुंग बेटाजवळ सापडलेल्या नवव्या शतकातील जहाजाच्या अवशेषांवर आधारलेली. ती 2010 मध्ये ओमानहून कोची, श्रीलंकेतील गॉल या मार्गे सिंगापूरला गेली. मूळ अवशेषांत आफ्रिकी लाकूड निघाल्याने प्रतिकृतीसाठीही घानाहून लाकूड आणले गेले.

भारतीय नौदलाची ‘कौण्डिन्य’ ही तिसरी. सप्टेंबर 2023 मध्ये गोव्यात तिचे काम सुरू झाले. केरळमधील कारागिरांनी, बाबू शंकरन यांच्या देखरेखीखाली, ती शिवली. 21 मे 2025 रोजी कारवार येथे ती नौदलात दाखल झाली. तिचा आधार अजिंठ्याच्या दुसऱ्या लेण्यातील जहाजाचे चित्र : तीन डोलकाठ्या, उंच अरुंद शिडे, वल्ह्यासारखी सुकाणू, नाळेवर (पुढच्या टोकावर) रंगवलेला डोळा आणि मागे रचलेले रांजण. चित्र पाचव्या शतकाच्या उत्तरार्धातले मानले जाते. काही अभ्यासक ते याहून पुढचे समजतात. चित्रातली कथा ‘पूर्णावदान’ या बौद्ध आख्यानाची असून तिचा नायक पूर्ण हा शूर्पारकाचा, म्हणजे आजच्या नालासोपाऱ्याजवळच्या सोपाऱ्याचा व्यापारी. पश्चिम किनाऱ्यावरच्या बंदराची कथा सह्याद्रीपलीकडच्या लेण्यात उतरली, ही बाब जहाजाच्या आकाराइतकीच लक्षणीय. चित्रावरून टाके होते की खिळे हे ठरत नाही, आणि त्या काळचा आराखडाही उपलब्ध नाही. त्यामुळे ‘कौण्डिन्य’ला तंतोतंत नक्कल न म्हणता अनुमानाधारित पुनर्रचना म्हणणे योग्य. बांधण्यापूर्वी तिच्या नमुन्याच्या पाण्यातील चाचण्या मद्रास आयआयटीत घेण्यात आल्या. 29 डिसेंबर 2025 रोजी, म्हणजे ईशान्य वाऱ्यांच्या हंगामात, ती पोरबंदरहून निघाली व जानेवारी 2026 च्या मध्यास मस्कतला पोचली.

कोकण व गोवा : गोव्यात लहान शिवलेल्या होड्या अलीकडच्या काळापर्यंत आढळल्याचे सागरी पुरातत्त्वज्ञांनी नोंदवले आहे. कोकणातील गलबते व मचवे मात्र खिळ्यांच्याच बांधणीचे असतात.